डाव्या गालातली गाठ

दाढ ठणकत होती म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी ओपीजी काढला, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. दाढ दाखवता दाखवता ते थांबले. डाव्या गालाच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीत, तळाशी, उगवत्या सूर्यासारखा एक पांढरट घुमट दिसत होता. "सिस्ट वाटतेय, कान-नाक-घसावाल्यांना दाखवून घ्या," म्हणाले.

घरी येऊन मी ‘गाठ’ म्हटलं आणि सासूबाई मटकन खालीच बसल्या. आमच्या घरात हा शब्द एकदा येऊन गेलाय. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करू म्हणाले. नाकात दुर्बीण घातली नाही, काही विचारलं नाही. यांना ते पटलं नाही, म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो, आणि बरं झालं गेलो.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी नुसते प्रश्न विचारले. एकाच बाजूचं नाक बंद राहतं का? रक्त येतं का? गाल सुजतो, बधीर होतो? डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, दोन-दोन दिसतं? सगळ्याला ‘नाही’. मग औषधात भिजवलेला कापूस नाकात ठेवला. दहा मिनिटांत वरचा ओठ जड झाला, घशात कडू उतरलं. दुर्बीण आत जाताना दुखलं नाही, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाक आतून स्वच्छ होतं. सायनसचा साधा सीटी स्कॅनही झाला. इंजेक्शन नाही, कानातलं नि मंगळसूत्र काढून पाच मिनिटं पडून राहायचं, एवढंच.

सीटी समोर ठेवून त्यांनी जे समजावलं, ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. सायनसच्या अस्तरात शेंबूड तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजलं की ती आतल्या आत फुगते, तीच ही रिटेन्शन सिस्ट. हा कॅन्सर नव्हे. कितीतरी जणांना ती असते आणि दुसऱ्याच कारणाने काढलेल्या फोटोत अचानक सापडते. काही आपोआप जिरतात. प्रतिजैविकांनी ती जात नाही. सायनसचं तोंड अडवू लागली किंवा खरंच त्रास देऊ लागली, तरच दुर्बिणीने नाकातूनच काढतात. म्युकोसील वेगळं: त्यात अख्खी पोकळी भरते, हाड पातळ होऊन फुगतं, ते काढावंच लागतं.

दाढेतून वर चढलेली सिस्टही असू शकते, म्हणून दंतवैद्यांनी बर्फासारखा थंड बोळा दाढेला लावला. मी कळवळले. म्हणजे दाढ जिवंत! सीटीतही घुमटाखालचं हाड अखंड होतं, आणि दाढेतून चढलेल्या सिस्टवर असतं तसं हाडाचं कवच वर नव्हतं. दाढेत फक्त कीड होती, ती भरून घेतली.

राहिली माझी डोकेदुखी. दोन वर्षं ‘सायनसचं दुखणं’ म्हणून मी वाफा घेत होते. उजेड सहन न होणं, मळमळ, अर्धं डोकं ठणकणं हे ऐकून डॉक्टर म्हणाले, ही अर्धशिशी आहे, सिस्टचा काही संबंध नाही. त्या गोळ्या सुरू केल्यावर महिन्याला एखादाच झटका येतो.

सिस्ट अजून तिथेच आहे. त्रास नसताना पुन्हा स्कॅन करायचा नाही, असं ठरलंय. फक्त पुढेमागे वरच्या जबड्यात त्या बाजूला इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायची वेळ आली तर आधी या सीटीची सीडी दाखवायची, एवढं मी फाइलवर लाल पेनने लिहून ठेवलंय.