घाट चढायच्या आधी: रेडिएटरचे होज आणि कूलंट

आंबा किंवा कुंभार्ली घाटात बॉनेटमधून वाफा काढत उभी असलेली गाडी दिसली की दोष चढाला दिला जातो. पण होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी, बहुतेक वेळा आधीच आतून कुजलेला असतो, चढ फक्त शेवटचा ताण देतो.

रबर बाहेरून धडधाकट दिसतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना होज क्लिपपासून दोन बोटांवर चिमटीत दाबा. तिथे तो मधल्या भागापेक्षा मऊ लागला किंवा आत करकरला, तर बदला. जोडाशी पांढरा किंवा हिरवट थर म्हणजे कूलंट झिरपून सुकलेलं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत क्लिपाही लवकर गंजतात, त्यामुळे होज नवा आणि क्लिप जुनी असं करू नका. वरचा-खालचा दोन्ही होज, हीटरचे दोन बारीक होज आणि रेडिएटर कॅप एकदमच बदललेलं परवडतं. नवी कॅप जुनीवर छापलेल्या आकड्याचीच घ्या, ०.९ असेल तर ०.९. हा आकडा कॅप आत किती बार दाब धरते त्याचा. हवेच्या दाबापेक्षा साधारण १ बार जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. म्हणूनच गरम गाडीची कॅप उघडली की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

रेडिएटरखाली घमेलं ठेवून तळाचा बोल्ट सोडा आणि निघालेलं पाणी मापून ठेवा. हे माप पुढे लागणार आहे. चिकटलेला होज पकडीने पिळू नका. रेडिएटरचं तोंड बऱ्याच गाड्यांत प्लॅस्टिकचं असतं, ते तुटलं तर अख्खी टाकी गेली. होजला ब्लेडने उभा चीर देऊन सोलून काढा. तोंड भांडी घासायच्या हिरव्या घासणीने साफ करा, कानस नको. नवा होज आतून कूलंटने ओला करून चढवा. ग्रीस किंवा तेल लावू नका, त्याने हे रबर फुगतं. सिलिकॉनही नको. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर बसली तर होज सुटणारच.

आता पाणी. विहिरीचं पाणी घालायची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि किनाऱ्यालगत ते मचूळ असतं. त्यातलं मीठ ॲल्युमिनियम पोखरतं. ‘इथे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला’ हेही खरं नाही, कारण कूलंट पाणी गोठू देत नाही एवढंच नव्हे, ते गंजही रोखतं आणि उकळबिंदू वाढवतं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा, आतला गाळ त्यानेच धुवून काढा.

इथे हमखास चूक होते ती हिशेबाची. समजा एकूण क्षमता ५ लिटर आहे आणि बोल्ट सोडून ३ लिटरच निघालं. धुतल्यावर इंजिनात २ लिटर साधं पाणी उरतंच. त्यावर निम्मं-निम्मं तयार मिश्रण ३ लिटर ओतलंत तर गाडीत कूलंट पडतं जेमतेम ३० टक्के. त्यापेक्षा न मिसळलेलं कूलंट २.५ लिटर आधी ओता, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड. क्षमता गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, कूलंटचा प्रकारही तिथूनच घ्या. नुसत्या रंगावर जाऊ नका.

हवा काढायला मात्र घाई चालत नाही. गाडीचं तोंड चढाकडे करून लावा, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल. थेंबाथेंबाने नव्हे, पण बारीक धारेने भरा. स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो बंद करा. कॅप रेडिएटरवर असेल तर ती उघडी ठेवूनच इंजिन थंड असताना सुरू करा, पातळी उतरेल तसं भरत जा, आणि पाणी तापून वर येऊ लागण्याआधी कॅप लावा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, मग खालचा होजही कोमट होतो. वरचा चटका देतोय आणि खालचा गारच, शिवाय हीटरची हवाही थंड, तर आत हवा अडकली आहे. काटा चढत असेल तर इंजिन लगेच बंद करा. पंखा दोनदा लागून बंद झाला की काम जमलं. पंख्यापासून हात लांब ठेवा.

रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी पातळी उतरलेली दिसेल, ती भरून क्लिपा पुन्हा आवळा. थंड झाल्यावर होज चपटा झाला असेल तर कॅपची आतली झडप अडकते आहे.

घमेल्यातलं जुनं कूलंट अंगणात किंवा व्हाळात ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या.