सील फाटलं, पण कशानं?

बुधवार, रात्री

दाजींच्या उकिरड्यावर आमचा लोडर, म्हणजे पुढं बकेट बसवलेला ट्रॅक्टर, लावलाय. रोहिणी निघायच्या आत शेणखत रानात पडायला हवं, म्हणून सकाळपासून ट्रॉल्या भरणं चालू आहे. बकेट उचलणाऱ्या उजव्या जॅकमधून (तेलाच्या दाबानं चालणारी नळी, तिच्यात पिस्टन आणि त्याचा दांडा म्हणजे रॉड) तेल येतंय हे ड्रायव्हर पोरगा आठवडाभर सांगतोय. नळीवर तेल आणि खताची काळी खपली इतकी जाड बसलीय की गळतंय कुठून हेच दिसत नव्हतं. आज काम बंद झाल्यावर डिझेलचा बोळा मारून सगळं पुसून काढलं आणि त्याला लिव्हर हलवायला लावला. बकेट उचलली, रॉड कोरडा. परत उचलली, कोरडाच. मग बकेट जमिनीला टेकवून पुढची चाकं सुटेपर्यंत दाबायला सांगितलं, तेव्हा ग्लँडच्या, म्हणजे रॉड जिथून बाहेर येतो त्या झाकणाच्या, तोंडाशी तेलाची कड फुटली.

म्हणजे रॉडचं सील गेलं. बकेट वर जाताना तेलाचा जोर पिस्टनच्या खालच्या बाजूला असतो आणि रॉडकडचं तेल नुसतं परत टाकीकडे निघालेलं असतं. खाली दाबलं की सगळा जोर रॉडकडे येतो, आणि तिथं अडवायला ते एकच सील. उकिरडा खरवडताना पोरगा दिवसभर बकेट दाबूनच चालवतो. त्यामुळे तेल रोज कमी होत होतं ते बरोबरच.

दाजींचं म्हणणं वेगळंच. “पिस्टनचं सील गेलंय बघा, उभी बकेट तासाभरात खाली बसती.” गावात हे सगळेच म्हणतात. पण लिव्हर मध्यावर असेल तर जॅकची दोन्ही तोंडं बंद असतात. नुसतं पिस्टनचं सील गेलं तर तेल पिस्टनच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला जाईल, बाहेर जाणार नाही. रॉड आत शिरायचा तर त्याच्या जाडीएवढं तेल कुठून तरी बाहेर पडावंच लागतं. तेव्हा बकेट बसत असेल तर आधी लिव्हरचा कंट्रोल व्हॉल्व्ह बघायचा. दाजींना पटलं नाही. जावईबापूंशी वाद घालायचा नाही असं अण्णांनी शिकवलंय, म्हणून मीही ताणलं नाही.

पोरगा मात्र ओल कुठून येतीय ते बघायला बोट लावायला निघाला होता. त्याचा हात धरला. आमच्या लोडरचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) १८० बारला आहे. एवढ्या दाबाचं तेल बारीक छिद्रातून आलं तर सुईसारखं कातडीत घुसतं. वर नुसता ठिपका दिसतो आणि आत बोट सडायला लागतं. बघायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

गुरुवार

सकाळी सकाळी जॅक उतरवला. बकेट सपाट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं आणि लिव्हर दोन्हीकडे चार-चारदा हलवून उरलेला दाब सोडला. लोडरचे हात जमिनीवर असले की जॅकच्या पिनांवर वजन राहत नाही. तरी दोन्ही हातांखाली लाकडी ठोकळे घातलेच. पाइपांना खडूनं खुणा केल्या. पाइप सोडले की त्यांच्या तोंडात प्लॅस्टिकच्या टोप्या बसवाव्या, चिंधी कोंबू नये, धागे आत जातात.

ग्लँड मात्र जॅक ट्रॅक्टरवर असतानाच थोडा ढिला करून घेतला. खाली काढल्यावर नळी गोल फिरते आणि पाना घालणाऱ्याचीच कसरत होते. ग्लँडच्या भोकांत बसणारा हुक पाना लावला, पाइप घालून लांब केला, दोन झटक्यांत सुटला. चेन पाना लावणाऱ्यांनी किती ग्लँड चेपून ठेवलेत, बघवत नाही.

खालची पिन सहज निघाली, वरची निघेना. घण मारून मारून शेवटी निघाली ती कोरडी ठाक, तांबूस. ग्रीसचा थेंब नाही. एका अंगाला झिजून तिला पायरी पडलेली, नखाला स्पष्ट लागते. पिन ज्यात फिरते त्या बुशचं भोकही अंडाकृती झालेलं. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) बघितलं, तर त्याच्या डोक्यात वाळलेलं शेण घट्ट बसलेलं.

बाकावर रॉड बाहेर काढला. (काही मिस्त्री इथं कॉम्प्रेसरची हवा मारतात. तो पिस्टन सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो, आमच्या बाकावर ते चालत नाही.) रॉडवर क्रोम शाबूत, खड्डा नाही, गंज नाही. पण एका बाजूला अंगठ्याएवढी पट्टी जास्तच चकचकीत, बाकीचा रॉड त्यापुढं मंद दिसतो. ग्लँडमधली गाइड रिंग (रॉड मधोमध धरणारी) त्याच बाजूला कागदासारखी पातळ झालेली. आणि यू सीलची (रॉडचं तेल अडवणाऱ्या सीलची) ओठासारखी कडाही तिथंच कुरतडलेली, बाकी सगळीकडे जवळपास नवी.

मग सगळी साखळी लागली. निपल बुजलं, पिन कोरडी पडली, बुश एकाच अंगाला खाल्ला गेला. रॉड सरळ चालायचा तो दर उचलीला एका बाजूला रेटला जाऊ लागला, गाइड झिजली, आणि शेवटी सील. दिवाळीत एका मिस्त्रीनं याच जॅकचं सील बदललं होतं, पैसेही रोख नेले होते. पिन त्यानंही हातात घेतली असणारच, तिची पायरी त्याच्या बोटाला लागली नाही याचं नवल वाटतं.

या जॅकच्या ६३ मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) पिस्टनचं क्षेत्र साधारण ३१ चौरस सेंटिमीटर. १८० बारला हिशेब केला तर साडेपाच टनांवर जोर येतो. त्यातला थोडा जरी तिरपा पडला तरी रबराची काय कथा.

शुक्रवार

बारामतीला लेथवाल्या मामांकडे. त्यांनी रॉड लेथवर धरून वाक मोजायचा डायल लावला, वाक निघाला नाही. हे बरं झालं. क्रोम उडालं असतं किंवा रॉड वाकला असता तर पुण्याला पाठवावा लागला असता आणि खत उकिरड्यातच राहिलं असतं. गनमेटलचा बुश आणि ईएन-८ पोलादाची पिन मामांनी दुपारपर्यंत करून दिली. “पिनला ग्रीसची खाच पाडू का?” म्हणाले. म्हटलं, पाडाच. सील किटच्या दुकानात जुनी सीलं आणि व्हर्नियरचं माप दोन्ही नेलं होतं. नुसतं लोडरचं नाव सांगितलं की दुकानदार जे हाताला येईल ते देतो.

संध्याकाळी बांधणी. सील कोमट तेलात ठेवून मऊ केली. यू सीलचं उघडं तोंड तेलाकडे, वायपरची (रॉडवरची माती पुसणाऱ्या सीलची) धार बाहेर मातीकडे. हे उलटं झालं तर दुसऱ्या दिवशी परत सगळं उघडा. यू सीलची गंमत अशी की दाब वाढेल तशी तिची कडा रॉडला आणखी आवळून धरते, आवळायचं काम तेलच करतं. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण गळती थांबेना. ती थांबवली त्याच्या कारखान्यातल्या मॉडस्लेच्या चामड्याच्या वाटीनं, तत्त्व हेच. आयटीआयला सरांनी हे सांगितलं तेव्हा अर्धा वर्ग झोपला होता.

रात्री जॅक चढवला. इंजिन मंद ठेवून रिकामी बकेट पूर्ण वर, पूर्ण खाली, असं हवा निघेपर्यंत केलं. आधी हात दचके खात होते, मग मऊ चालायला लागले. तेल दीड लिटर कमी भरलं, ते घातलं. शेवटी बकेट दाबून चाकं उचलली आणि रॉडला टिश्यू पेपर फिरवला. डाग नाही.

दाजींचा फोन आला, सकाळी सातला ट्रॉली उभी करतो म्हणाले. तरी निघण्याआधी डाव्या जॅकची वरची पिन काढून बघायचीच, निपल त्याच दिवशीचं आहे. पोरग्याला सांगितलंय, रोज गाडी सुरू करायच्या आधी चारही निपलं पुसायची आणि जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची. तो म्हणाला, “दादा, गनच फुटलीय दोन महिने झाले.”

उद्याच्या यादीत सगळ्यात वर ग्रीस गन.