खाऱ्याचं गोडं पाणी: जाळापेक्षा नळी सांभाळा

समुद्राचं खारं पाणी उकळून, त्याची वाफ नळीत थंड करून पिण्याजोगं पाणी मिळवायला सामान थोडंच लागतं: ७५० मिलीची एकपदरी स्टीलची बाटली, दीड मीटर सिलिकॉनची नळी (आतून ६ मिमी), अ‍ॅल्युमिनियम फॉइल, सुती पंचा आणि पाणी धरायला दुसरी बाटली. थर्मास विस्तवावर चढवू नका, फुटतो. फिशटँकची साधी पीव्हीसी नळीही नको. वाफेने ती लिबलिबीत होऊन चिमटते, शिवाय पाण्याला वास लागतो.

बाटली अर्धीच भरा. जास्त भरली की उकळताना फेस नळीत चढतो आणि पलीकडे खारंच पाणी येतं. नळीचं टोक दोन बोटं आत सोडा, भोवती फॉइल गुंडाळून बूच करा आणि फटींवर ओली चिकणमाती थापा. कणीक असेल तर उत्तम. बूच तारेने करकचून बांधू नका. नळी तुंबली तर ते उडायलाच हवं.

आता खरी मेख. लिटरभर पाणी ३० अंशांवरून उकळीला यायला साधारण २९० किलोज्यूल लागतात, पण त्याची वाफ व्हायला आणखी २२५७. उघड्या चुलीची दहा टक्के उष्णता भांड्याला मिळते असं धरलं, तर लिटरमागे पावणेदोन किलो सुकी लाकडं हवीत. पाणी जमायचं तर वाफेतली तेवढीच उष्णता नळीतून बाहेर जायला हवी, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. जाळ वाढवला की नळीच्या टोकातून नुसती वाफ फुसफुसते.

म्हणून नळीवर पंचा गुंडाळून समुद्राच्याच पाण्याने सतत भिजवत राहा. नुसत्या बाष्पीभवनावर भागवायचं तर लिटरभर गोड्या पाण्यामागे जवळजवळ लिटरभर खारं पाणी पंचावरून उडावं लागतं. तेव्हा सावली आणि वारा दोन्ही मिळेल अशी जागा बघा. चुलीकडच्या टोकाला फॉइलचा आडोसा करा. उतार सलग ठेवा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचून नळी गचके देते.

टोकाला थेंब पडायला हवेत, वाफ दिसता कामा नये. वाफ दिसली तर एक लाकूड मागे ओढा. टोक जमलेल्या पाण्यात बुडवू नका: जाळ मंदावला की बाटली ते पाणी परत ओढून घेते. पहिले दोन घोट चाखा, खारट लागले तर परत उकळीत ओता. बाटलीत पाव भाग उरला की थांबा, नाहीतर मीठ तळाला धरतं.

डिझेलचा तवंग किंवा कारखान्याचं सांडपाणी असलेल्या खाडीचं पाणी मात्र घेऊ नका. तेलातले हलके अंश वाफेबरोबर पलीकडे येतात.