चौथी बरणी: विद्युतदर्शीची पानं आता साडेसहा मिनिटं उघडी

विद्युतदर्शी म्हणजे विद्युतप्रभार ओळखायचं साधन: बरणीच्या बुचातून गेलेली तार, वर धातूची चकती, खाली दोन हलकी पानं; प्रभार आला की पानं एकमेकांपासून फाकतात. माझ्या पहिल्या बरणीत पानं उघडायची आणि मी वीस आकडे मोजेपर्यंत मिटायची. पीव्हीसी पाइप लोकरीने घासायचा, चकतीवरून ओढायचा, पानं छान फाकायची आणि लगेच खाली यायला लागायची. मागच्या बाकावरचा विद्यार्थी मान उंच करेपर्यंत प्रयोग संपलेला. त्यामुळे गेले दोन महिने मी गळतीच्याच मागे लागले आहे.

आधी दोष पानांना दिला. घरगुती ॲल्युमिनियम फॉइल साधारण 0.015 मिलिमीटर जाड असते, सोन्याचा वर्ख साधारण 0.0001 मिलिमीटर. अब्राहम बेनेटने 1787 च्या सुमारास सुवर्णपत्र विद्युतदर्शी बनवला तो याच हलकेपणासाठी. मी वर्खाच्या दोन पट्ट्या लावल्या (श्वास रोखून, कारण नुसत्या उच्छ्वासानेही त्या चुरगळतात) आणि पाइप हातभर लांब असतानाच पानं हलायला लागली. पण मिटायला पूर्वीइतकाच वेळ. म्हणजे पानांमुळे संवेदनशीलता वाढली होती, प्रभार मात्र दुसऱ्याच वाटेने निघून जात होता.

ती वाट म्हणजे बूच. मल्टिमीटर लावून बघितलं तर रोध मोजण्यापलीकडचा, म्हणून मी बुचाला विद्युतरोधक धरून चालले होते. मग कागदावर हिशेब मांडला. विद्युतदर्शीची धारकता (प्रभार साठवायची क्षमता) फार तर 10 पिकोफॅरड. एवढ्याशा साठ्याचा कालांक (प्रभार बराचसा ओसरायला लागणारा वेळ) 100 सेकंद हवा असेल तर गळतीच्या वाटेचा रोध एक कोटी मेगाओहम लागतो. माझा मल्टिमीटर 40 मेगाओहमला थांबतो. त्याच्या लेखी जे तुटलेलं सर्किट, ते या प्रयोगात उघडा नळ ठरू शकतं.

दुसऱ्या बरणीत बूच वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून घेतलं. पानं दीड मिनिट टिकली. तिसरीत बुचाच्या जागी टेफ्लॉनचा तुकडा बसवला, मधोमध भोक पाडून त्यातून तांब्याची तार घट्ट नेली. आता पाच मिनिटं नक्की, असं वाटलं होतं; मिळाली पन्नास सेकंद! बराच वेळ कळेना. शेवटी उजेडात तिरकं धरल्यावर टेफ्लॉनवर माझ्याच बोटांचे ठसे दिसले. घामातला क्षार आणि तेल यांचा पातळ थर हवेतला दमटपणा धरून ठेवतो आणि प्रभार पृष्ठभागावरून सरकत तारेकडून काचेकडे जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, पुन्हा बसवताना टिश्यू पेपरने धरलं. चार मिनिटं. दुसरा काहीही बदल नाही.

चौथ्या बरणीत दोन सुधारणा केल्या. चकतीच्या कडा कापताना टोकदार राहिल्या होत्या. अशा टोकांपाशी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि प्रभार हवेत निसटतो. म्हणून कडा आत वळवून गुळगुळीत केल्या. दुसरं म्हणजे काच. ती स्वतःच प्रभारित होऊन पानांना ओढते. एकदा एक पान भिंतीला चिकटलं आणि सोडवताना फाटलं. आता बरणीच्या आत समोरासमोर फॉइलच्या दोन पट्ट्या आहेत, बाहेरून भूसंपर्कात, आणि मधे बघायला मोकळी जागा. कोरड्या दुपारी साडेसहा मिनिटं मिळाली. पावसाळी हवेत आधी केस वाळवायच्या ड्रायरने बरणी गरम करावी लागते, नाहीतर दोन मिनिटंसुद्धा कठीण.

एवढा वेळ मिळाल्यामुळे प्रवर्तनाचा, म्हणजे प्रभारित वस्तू न टेकवता प्रभार देण्याचा, प्रयोग न घाबरता करता येतो. ऋणप्रभारित पाइप जवळ आणायचा, चकतीला बोट लावायचं, आधी बोट काढायचं आणि मगच पाइप. क्रम चुकला तर हाती काही राहत नाही. पानं उघडी राहिली की त्यांच्यावर धनप्रभार असतो. तो ओळखताना मात्र मीही पूर्वी चुकत असे. पानं मिटायला लागली म्हणजे विजातीय प्रभार जवळ आला, असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण नुसता तळहात जवळ नेला तरी पानं थोडी मिटतात. फाकणं वाढलं तरच प्रभार सजातीय, ही खात्रीची खूण. आणि पाइप लांबूनच हळूहळू आणायचा: एकदम जवळ नेला तर पानं मिटून पुन्हा उघडतात आणि बघणारा नेमका उलटा निष्कर्ष काढतो.

सोबत इलेक्ट्रोफोरसही जमला, म्हणजे प्रवर्तनाने पुन्हा पुन्हा प्रभार मिळवायचं साधन. योहान विल्के याने 1762 मध्ये आणि व्होल्टाने 1775 मध्ये पुढे आणलेलं हे साधन आजही पीव्हीसीचा पत्रा, धातूची थाळी आणि प्लॅस्टिकची मूठ एवढ्यात होतं. पत्रा एकदा लोकरीने घासला की थाळी ठेवा, बोट लावा, उचला, ठिणगी घ्या, पुन्हा पुन्हा. पत्र्यावरचा प्रभार जवळजवळ तसाच राहतो, कारण थाळी त्याला मोजक्या बिंदूंनाच टेकलेली असते. ठिणगीची ऊर्जा आपण आकर्षणाविरुद्ध थाळी उचलतो त्या श्रमातून येते.

काल बोटाऐवजी छोटा निऑन दिवा वापरला, एक पाय चिमटीत आणि दुसरा थाळीला. खोलीत अंधार. थाळी पत्र्यावर असताना टेकवला तेव्हा थाळीकडचा इलेक्ट्रोड नारिंगी चमकला. थाळी उचलून टेकवला तेव्हा माझ्या बोटांकडचा. निऑनमध्ये ऋण इलेक्ट्रोडभोवती उजेड पडतो. म्हणजे पहिल्या वेळी इलेक्ट्रॉन थाळीतून माझ्याकडे आले आणि दुसऱ्या वेळी माझ्याकडून थाळीत गेले. हे मी वीसेक वेळा करून बघितलं, आणि प्रत्येक वेळी चमक बाजू बदलत होती.

आता फॅरडेचा 1843 चा बादलीचा प्रयोग (धातूच्या बादलीत प्रभारित वस्तू सोडली की बाहेर तेवढाच प्रभार दिसतो, तो) या बरणीवर करायचा आहे. पत्र्याचा उंच डबा चकतीवर बसवला की धारकता वाढणार, पानं कमी फाकणार. त्यासाठी वर्खाच्या आणखी अरुंद पट्ट्या कापून ठेवल्या आहेत.