संकासुराला संगणकावर नाचवताना

चित्रं मी शाळेपासून काढतो, पण बाहुली हलवायची ठरवली की चित्रकाराला आधी सवय मोडावी लागते. कागदावर आपण दिसतं तेवढंच काढतो. डिजिटल बाहुलीत दंडाआड लपलेला खांदा, पापणीमागचं बुबूळ, सगळं पूर्ण हवं. नाहीतर हात वर गेला की मागे भोक दिसतं.

आम्ही फोंड्याकडचे, जत्रेतला काला, म्हणजे दशावतारी नाटक, बघत वाढलेले. त्यामुळे पहिली बाहुली त्यातल्या संकासुर राक्षसाची: काळा झगा, काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. निवड आवडीची होती, पण सोयीचीही. बुरख्यात ओठ हलवायची भानगडच नाही! अॅडोबी कॅरेक्टर अॅनिमेटर या सॉफ्टवेअरमध्ये वेबकॅम आपला चेहरा टिपतो आणि बाहुलीचं डोकं, भुवया, डोळे तसे हलवतो. चित्राच्या एकेका भागाच्या थराची, म्हणजे लेयरची, नावं मात्र त्याला समजतील अशी इंग्रजीत द्यायची. नावाआधी अधिकचं चिन्ह टाकलं की तो भाग सुटा हलतो, नाहीतर शेजारचं सगळं ताणलं जातं.

जिभेचं मूळ घट्ट ठेवलं, टोकाला 'डँगल' (लोंबतं ठेवायची खूण) लावलं आणि स्प्रिंगचा ताठरपणा कमी केला. मग मान झटकली. डोकं थांबलं तरी जीभ मागून झोल खात आली. ते बघत मी किती वेळ नुसती मान हलवत बसलो, विचारू नका.

दुसरी बाहुली सूत्रधाराची, म्हणजे बोलणारी. तोंडाचे तयार आकार इंग्रजी उच्चारांवर बेतलेले, पण इथे आपली वर्णमाला कामाला आली. प, ब, भ, म ओष्ठ्य, म्हणून मिटलेल्या ओठांचं एकच चित्र पुरतं. 'ल'ला जीभ वरच्या दातांमागे दिसते, तर 'ळ'ला ती आत वळते, तिथे उघडं तोंडच खरं वाटतं. असे आकार टाइमलाइनवर हाताने बदलले. 'म'ला ओठ वेळेवर मिटले की बाकीचं बघणारा खपवून घेतो. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊसही माइकला बोलणं वाटतो आणि सूत्रधार उगाच पुटपुटतो. म्हणून आवाज आधी वेगळा रेकॉर्ड करायचा आणि त्या फाइलवरून ओठ जुळवून घ्यायचे.

मधे कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या बघितल्या. (तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.) कोरलेला चेहरा बदलत नाही, राग-लाज सगळं मानेच्या कलण्यातून येतं. घरी येऊन मी भुवयांचा जोर निम्म्यावर आणला. सूत्रधार लगेच शहाणा दिसायला लागला.

हाताच्या मुद्रा कॅमेऱ्यावर सोडल्या नाहीत, कीबोर्डच्या कळांना बांधल्यात. एक दाबली की नमस्कार, दुसरीला तर्जनी वर. आवाज देणारा आमच्या नाटकमंडळातला दादा शेजारी बसून म्हणतो, "अरे, बाहुली नाचवतोस की पेटी वाजवतोस?"