सातचे पस्तीस

मे महिन्यातली दुपार. कूलर घरघरतोय, ऑफिसात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. टीममधली पोरगी येऊन उभी. "मॅडम, नावात अक्षरं सात, आणि स्ट्रलेन सांगतंय पस्तीस!"

कोबोल भाषेतल्या प्रोग्राममधून सी भाषेच्या लायब्ररीला कॉल करायचा म्हटला की हे आलंच. स्ट्रलेन म्हणजे सीचं मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन. कोबोलात नावाला २० घरं, म्हणजे बाइट, दिली की दिली. नाव सात अक्षरी असलं तर उरलेल्या तेरा घरांत स्पेस. सीला घरं ठाऊक नाहीत. शून्याचा बाइट भेटेपर्यंत ती आपली चालत सुटते. तर स्ट्रलेन नाव संपवून, स्पेस तुडवत, शेजारच्या १५ घरांच्या 'गाव' या फील्डात घुसलं. पुढे होती रक्कम, चार बाइटांची बायनरी. रक्कम किरकोळ, म्हणून तिचा पहिलाच बाइट शून्य. तिथे थांबलं. वीस अन् पंधरा. रक्कम पावणेदोन कोटी असती, तर तिच्या चारही बाइटांत एक शून्य नाही! मग भटकत कुणाच्या मेमरीत पाय टाकला असता आणि एस-ओ-सी-फोर, म्हणजे परक्या मेमरीला हात लावल्याचा एरर, देऊन जॉब आडवा झाला असता.

आमचे आजोबा नागपूरच्या इतवारीत धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. सुट्टीत मला शेजारी बसवून पावत्या लिहायला लावायचे. 'रुपये पाचशे' लिहिलं की पुढे कागदाच्या कडेपर्यंत आडवी रेघ. सलग. टाक मध्ये उचलला की बोटांवर टिचकी. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं असायचं, ओला गार वास यायचा, आणि मी डुलक्या खात रेघा मारायचे. मोकळ्या जागेचा त्यांना भारीच राग. लग्नपत्रिकेवर पत्ता लिहिला तरी खाली रेघ ओढायचे. आता पत्त्यात कोण काय वाढवणार होतं?

गंमत बघा. कोबोल १९५९ पासूनची, मुळात हिशेबवाल्यांसाठी घडवलेली भाषा. आणि शेवटी शून्याच्या बाइटची रेघ मारायचा हट्ट मात्र बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचींनी घडवलेल्या सीचा. आजोबा कुणाच्या बाजूचे म्हणायचे?

"फील्ड एकवीसचं कर, नावाच्या लगेच मागे लो-व्हॅल्यू चिकटव," मी म्हटलं. लो-व्हॅल्यू म्हणजे कोबोलातला तोच शून्याचा बाइट. ठरीव मजकूर असता तर अवतरणाआधी नुसता झेड टाकून भागलं असतं. प्रोग्रामचं नाव कोबोल परस्पर कॅपिटल करून टाकतं, त्याचा बंदोबस्त लाँगमिक्स्ड हा कंपायलरचा ऑप्शन लावून तिने आधीच केला होता. पोरगी हुशार आहे.

"पण एवढ्यासाठी सी कशाला? कोबोलातच नाव रिव्हर्स करून पुढे आलेल्या स्पेस इन्स्पेक्ट या कमांडने मोज, वीसातून वजा कर. झालं."

"क्लायंटला सीच पाहिजे म्हणते, मॅडम."

पाहिजे तर पाहिजे. बिल त्यांच्याच नावाने फाटतंय.