फ्लॉरेन्सचा प्लॅन, आवृत्ती चौथी: यादी कापली, वेळ वाढवला

मंडळी, मागच्या नोंदीत मी तिसरी आवृत्ती टाकली होती, चार दिवसांत एकवीस इमारती. ती आता रद्द. का रद्द केली ते आधी सांगते, कारण नवीन प्लॅन सगळा त्यातूनच निघालाय.

झालं असं की गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही पुण्यातच रंगीत तालीम केली. आम्ही म्हणजे मी, माझी ताई (तिचा उजवा गुडघा दुखतो) आणि तिचा मुलगा, जो आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फ्लॉरेन्सला सकाळी नऊ ते एक या वेळात पाच इमारती ठेवल्या होत्या ना, तशाच इथे पाच ठेवल्या, विश्रामबागवाड्यापासून सुरुवात करून, आणि मोबाईलवर वेळ लावत गेलो. एक वाजला तेव्हा आम्ही तिसऱ्याच ठिकाणी होतो, मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्यासमोर, भाच्याचं स्केच अर्धं, ताई कट्ट्यावर बसलेली. हिशोब केला तर प्रत्येक इमारतीला सरासरी पन्नास मिनिटं जात होती. चालण्याचा वेळ वेगळा. इमारत फोटोत घ्यायला पाच मिनिटं पुरतात पण तिची कमान कुठून सुरू होते, खांबावरचं वजन कुठे उतरतं, सांधा कुठे लपवलाय हे कळायला समोर बसावंच लागतं, आणि आपण एवढ्या लांब त्यासाठीच जातोय.

तेव्हा नवीन नियम: अर्ध्या दिवसात एक मोठी आतून बघायची इमारत, आणि तिच्या आजूबाजूला चालता चालता बाहेरून दिसणाऱ्या एक-दोन. दुपारी एक ते अडीच जेवण आणि बसणं, हे प्लॅनमध्ये लिहूनच टाकलंय, कारण तिकडे बरीच चर्च दुपारी बंद असतात आणि त्या वेळात उन्हातान्हात फिरून काही हाती लागत नाही.

मुक्काम गुरुवार संध्याकाळ ते मंगळवार दुपार, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. आता दिवसांचं बघू.

शुक्रवार पूर्ण दुओमोला, म्हणजे तिथल्या मुख्य कॅथेड्रलला दिलाय. घुमटावर चढायची सकाळची पहिली वेळ बुक झाली, परवाच कन्फर्मेशन आलं! घुमटाला तारीख आणि वेळ ठरवूनच तिकीट मिळतं, नंतर बदलून मिळत नाही, म्हणून सगळ्यात आधी हेच बुक करा आणि बाकीचा प्लॅन त्याच्याभोवती लावा. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही. ताई चढणार नाहीये, ती त्या वेळात खाली कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूच्या कट्ट्यावर बसेल, तिथून घुमट अंगावर आल्यासारखा दिसतो.

चढायचं कशासाठी, वरून गाव दिसतं म्हणून नाही (तेही दिसतंच). चढायचं ते घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीच्या दोन कवचांच्या मधून जायला मिळतं म्हणून. हा घुमट म्हणजे एकात एक दोन घुमट आहेत, आतला जाड, बाहेरचा पातळ, आणि जिना त्या दोघांच्या मधल्या पोकळीतून वर जातो, म्हणजे तुम्ही अक्षरशः स्ट्रक्चरच्या पोटातून चढता. 1420 ते 1436 या काळात हा बांधला, खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता, कारण पंचेचाळीस मीटरच्या आसपासचा गाळा आणि तोही एवढ्या उंचीवर, त्याला पुरेल एवढं लाकूड आणायचं कुठून. मग विटा सरळ थरात न लावता मधे मधे उभ्या विटा घालून माशाच्या काट्यासारखी वीण केली. उभी वीट शेजारच्या आडव्या विटांना अडकवून धरते, त्यामुळे थर पूर्ण गोल फिरून बंद होईपर्यंत ओला चुना असतानाही विटा घसरत नाहीत. ही वीण जिन्यात काही ठिकाणी उघडी दिसते. भाच्याला सांगून ठेवलंय, तिथे थांबायचं, मागची माणसं जाऊ द्यायची, हात लावायचा नाही, पण डोळे भरून बघायचं.

उतरल्यावर नाश्ता, मग दुओमोचं म्युझियम, जिथे लाकडी मॉडेलं आणि बांधकामाची हत्यारं ठेवलीत. हे घुमटाच्या नंतरच ठेवा, आधी नको, कारण वर शरीराने जे कळतं त्याला नंतर मॉडेल बघून नाव मिळतं. बाहेर पडताना घुमटाच्या खालच्या अष्टकोनी पट्ट्याकडे बघायचं, आठपैकी एकाच बाजूला संगमरवरी गॅलरी आहे, बाकीच्या बाजू उघड्याच. सोळाव्या शतकात काम सुरू केलं होतं, मायकेलअँजेलो म्हणे तिला रातकिड्यांचा पिंजरा म्हणाला आणि काम तिथेच थांबलं. आणि एक, कॅथेड्रलचा दर्शनी भाग जुना समजून त्याच्यासमोर तासभर घालवू नका, तो 1887 ला पूर्ण झालाय.

संध्याकाळी फक्त पोन्ते सांता त्रिनिता. आर्किटेक्ट अम्मानातीचा पूल, 1560 च्या दशकातला, 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला, आणि नंतर नदीतून मूळ दगड काढून काढून 1958 पर्यंत परत तसाच उभारला. कमानींची वळणं इतकी चपटी आणि इतकी नाजूक आहेत की दगडाची आहेत असं वाटतच नाही. सगळे पोन्ते वेक्कियोवर गर्दी करतात, तो बघायचा असला तरी याच पुलावरून चांगला दिसतो.

शनिवार सकाळी ओस्पेदाले देल्यी इनोचेंती, म्हणजे टाकून दिलेल्या बाळांसाठीचं अनाथालय. ब्रुनेलेस्कीने 1419 मध्ये सुरू केलेलं, रेनेसाँची पहिली इमारत म्हणून पुस्तकात हिचंच नाव असतं. नऊ कमानींचा ओटा. खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर आणि ओट्याची खोली, तिन्ही जवळपास सारखी, म्हणजे एकाशेजारी एक ठेवलेले घन आणि प्रत्येकावर छोटा घुमट. कागदावर हे वाचून मला काहीच झालं नव्हतं, पण भाच्याने थर्माकोलचं मॉडेल करून आणलं आणि त्यात मोबाईलचा टॉर्च धरला तेव्हा कळलं की मोजमाप सारखं असलं की सावलीसुद्धा लयीत पडते. कमानींच्या मधल्या निळ्या गोलांमधली कापडात गुंडाळलेली बाळं आंद्रेआ देल्ला रोब्बियाची, नंतरची, 1487 ची. ओटा रस्त्यावरच आहे, त्याला ना तिकीट ना वेळ. स्केचला दीड तास ठेवलाय.

दुपारी सांता क्रोचे चर्चच्या आवारातलं पाझ्झी चॅपल. आणि मग टेकडीवरचं चर्च सान मिनियातो, ज्याच्यामुळे आख्खा प्लॅन उलटापालटा करावा लागला.

तिसऱ्या आवृत्तीत सान मिनियातो सोमवारी संध्याकाळी होतं. सूर्यास्त सव्वासहा धरून मी सगळं बसवलं होतं, पाच वाजता चढायला सुरुवात, पावणेसहाला वर. आणि मग लक्षात आलं की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात! म्हणजे शनिवारी सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराला आणि रविवारी सव्वापाचच्या. सोमवारी आम्ही वर पोचलो असतो तेव्हा अंधार झालेला असता. ऑक्टोबर-अखेर किंवा मार्च-अखेर जाणाऱ्यांनी हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. आता ते शनिवारी आलंय.

सान मिनियातोला एवढं महत्त्व का, तर हजार वर्षांपूर्वी, 1018 च्या सुमाराला सुरू झालेलं हे चर्च आहे, पांढरा आणि हिरवा संगमरवर, त्यात चौकोन, कमानी, वर छोटं देवळासारखं त्रिकोणी टोक. चारशे वर्षांनी आर्किटेक्ट आल्बेर्तीने सांता मारिया नोव्हेला या चर्चचा दर्शनी भाग पूर्ण करताना काय समोर ठेवलं असेल ते इथे उभं राहिलं की दिसतं. त्याचं तोंड पश्चिमेच्या अंगाला शहराकडे आहे, म्हणून संध्याकाळ. चढ मात्र खराखुरा आहे, पोन्ते वेक्कियोपासून पायी अर्धा तास. ताईसाठी वर बस घेऊ, खाली चालत येऊ.

रविवार सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात, पर्यटकांना बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत, तेव्हा आत जायचा हट्टच सोडला. आमच्या दुओमोच्या पासला (घुमट आणि घंटाघर त्यातच) तीन दिवस आहेत, शुक्रवारी सुरू झाला की रविवारी संपतो, म्हणून भाचा एकटा सकाळी लवकर जोत्तोच्या घंटाघरावर जाईल, 414 पायऱ्या. घुमट आणि घंटाघर एकाच दिवशी करू नका, बेरीज 877 होते आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात. पण घंटाघर सोडूही नका, कारण घुमटावरून घुमट दिसत नाही, तो दिसतो इथूनच.

मग आरामात पालाझ्झो रुचेल्लाई. आल्बेर्तीने सपाट भिंतीवर तीन मजले अर्धे खांब असे कोरले की वाटावं सगळं वजन त्यांनीच उचललंय. उजव्या कडेला जाऊन बघा, तिथे दर्शनी भाग दात पडल्यासारखा तुटक संपतो, पुढचं घर मिळालंच नाही म्हणून काम राहिलं. मला हा तुटका काठ पूर्ण दर्शनी भागापेक्षा जास्त आवडतो, कारण तिथे कळतं की हे कातडं आहे, नुसतं पांघरलेलं. नंतर उफ्फित्सीचं अंगण. उफ्फित्सीच्या आत आम्ही जाणार नाही. यावर घरात बरीच चर्चा झाली, ताईला बोत्तिचेल्लीची चित्रं बघायची होती, पण गॅलरीत शिरलो की अर्धा दिवस जातोच आणि वासारीची इमारत म्हणून बघायचं तर ते लांबट अंगण फुकट आणि उघडं आहे, दोन्ही बाजूंच्या ओळी नदीकडे ओढत नेतात. शेवटी ताईच म्हणाली, यावेळी इमारतीच बघू.

दुपारी कास्चिने बाग. हे आमचं घरचं काम समजा, आमचं माहेर कोल्हापूरचं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडहून परत येताना फ्लॉरेन्समध्ये वारले, वय जेमतेम वीस. त्यांचं दहन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर झालं, घाटावर होतं तसंच, पाण्याजवळ. 1874 मध्ये तिथे छत्री उभारली, आत त्यांचा अर्धपुतळा. छत्रीचं डिझाईन मेजर चार्ल्स मँटचं, ज्याने पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला. म्हणजे आम्ही लहानपणी ज्या राजवाड्यासमोरून जायचो त्याच्याच आर्किटेक्टचं काम टस्कनीच्या एका बागेच्या टोकाला उभं आहे, आणि शेजारच्या पुलाचं नावच पोन्ते आल्ल'इंदियानो, भारतीयाचा पूल, 1978 चा, केबलवर तोललेला. बाग खूपच लांब आहे आणि छत्री एकदम पश्चिमेच्या टोकाला, ट्राम बागेच्या अलीकडच्या बाजूला सोडते, तेव्हा पुढे सायकल किंवा टॅक्सी. सव्वापाचला सूर्यास्त म्हणून साडेतीनला तिथे पोचायचंच.

सोमवारी सान लोरेन्झो चर्च आणि त्याला चिकटून लॉरेन्शियन लायब्ररी. लायब्ररीच्या वेळा बदलत असतात, म्हणून मुद्दाम कामाच्या दिवशी सकाळी ठेवलीय आणि निघायच्या आदल्या आठवड्यात परत चेक करणार. तिथला मायकेलअँजेलोचा प्रवेशकक्ष मी गेली कित्येक वर्षं फोटोत बघतेय. खांब भिंतीच्या पुढे असायला हवेत, इथे ते भिंतीच्या आत खोबणीत उभे, आणि खाली नुसते ब्रॅकेट, म्हणजे पेलणारा खांब स्वतःच टांगल्यासारखा. मधोमध जिना, वरून ओतल्यासारखा खाली पसरत येणारा. त्याला तो अक्रोडाच्या लाकडात हवा होता, बांधला अम्मानातीने करड्या पिएत्रा सेरेना दगडात, 1559 मध्ये, मायकेलअँजेलोने रोमहून पाठवलेल्या मॉडेलवरून. एवढ्याशा खोलीत एक तास लिहिलाय मी, आणि तो कमी करणार नाही. संध्याकाळी सांतो स्पिरितो चर्च, ते बुधवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा.

मंगळवारी सामान स्टेशनवर ठेवून समोरच सांता मारिया नोव्हेला. दर्शनी भागावरची आल्बेर्तीची ती दोन मोठी दगडी वेटोळी बघायची, ज्यांनी बाजूच्या उतरत्या छपरांचा तुटकपणा झाकला. आत गेल्यावर मधल्या वाटेवर उभं राहून खांब मोजा, पुढे पुढे त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, त्यामुळे चर्च आहे त्यापेक्षा लांब वाटतं. आणि मग स्टेशन, ते विसरू नका, आर्किटेक्ट मिकेलुच्ची आणि त्याच्या तरुण गटाने 1930 च्या दशकात केलेलं, आडवं, दगडी, चर्चच्या पाठीला मान देऊन खाली वाकलेलं.

प्लॅनमधून गेलेल्या गोष्टी: वासारी कॉरिडॉर, पित्ती राजवाडा, बोबोली बाग, नेर्वीचं स्टेडियम, हायवेवरचं मिकेलुच्चीचं चर्च. शेवटचं काढताना खरंच वाईट वाटलं, पण गाडीशिवाय तिथे जाण्यायेण्यात अर्धा दिवस जात होता.

अजून राहिलंय ते असं: ताईसाठी घडीचं हलकं स्टूल (केबिन बॅगेत बसेल असं कुणाकडे असेल तर सांगा), भाच्यासाठी करड्या रंगाची स्केचबुक, कारण पांढऱ्या कागदावर पिएत्रा सेरेना निघत नाही म्हणतो तो, आणि पंचगंगेचं थोडं पाणी. आईने सांगितलंय, छत्रीपाशी वाहा म्हणून. सिक्युरिटीमधून शंभर मिलीची बाटली चालते, ती भरून आणायला पुढच्या रविवारी कोल्हापूरला चाललेय.